मध्येच वळण्याची सोय

३१ जानेवारी २०२० या एका दिवशी बीएसएनएल आणि एमटीएनएल या दोन सरकारी दूरसंचार कंपन्यांतून मिळून ९२ हजारांहून जास्त माणसं कायमची घरी गेली. बीएसएनएलमधली ७८ हजारांवर, एमटीएनएलमधली १४ हजारांवर. सगळी पन्नाशीला आलेली किंवा ती ओलांडलेली, कारण स्वेच्छानिवृत्ती योजनेची अटच तशी होती. झालेल्या सेवेच्या दर वर्षामागे ३५ दिवसांचा पगार आणि निवृत्तीला उरलेल्या दर वर्षामागे २५ दिवसांचा, असा भरपाईचा हिशेब होता. खांबावर चढून तारा जोडणारे लाइनमन, एक्स्चेंजमध्ये रात्रपाळ्या काढलेले तंत्रज्ञ, बिलाच्या खिडकीमागे बसणाऱ्या बायका. दोन महिन्यांत टाळेबंदी लागली आणि या माणसांचं पुढे काय झालं, याची चर्चा होण्याआधीच विषय संपला.

हिशेबात मागची वर्षं मोजली होती, पुढची नोकरीची वर्षंही मोजली होती. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं माणूस काय करणार, हा प्रश्न मात्र त्याच्यावर सोडून दिला होता. मला या लेखात त्याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. लांबलचक नोकरी सोडून उतारवयाच्या आधी नवी दिशा धरणं ही आपल्याकडे ज्याच्या-त्याच्या हिमतीची बाब मानली जाते. ज्याला जमलं त्याचं कौतुक होतं, ज्याला नाही जमलं त्याच्यात धमक नव्हती असं ठरतं. हे चुकीचं आहे, आणि अन्यायाचंही आहे. चाळिशी-पन्नाशीत वळता येणं हे प्रामुख्याने सोयीवर अवलंबून असतं. ती सोय आज फार थोड्या लोकांकडे आहे. बाकीच्यांसाठी ती उभी करणं हे सार्वजनिक काम आहे.

हे मी स्वतःच्या उदाहरणावरूनच शिकलो, म्हणून ते आधी सांगतो. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तेवीस वर्षं क्वालिटीत होतो. मायक्रोमीटर, बोअर गेज, डायल ही मोजमापाची साधनं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक डोळ्यांनी आधी दिसावा आणि मग यंत्राने दाखवावा, इतका हात बसला होता. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी ती नोकरी सोडली आणि आता बाजाच्या पेट्या दुरुस्त करतो. भाता बदलतो, फाटलेलं कातडं काढून नवं चिकटवतो, बसलेल्या पट्ट्या उठवतो, आणि मुख्य म्हणजे सूर लावतो. पितळी रीडच्या, म्हणजे सूर देणाऱ्या पातीच्या, टोकाकडे कानस चालवली की सूर चढतो, मुळाकडे चालवली की उतरतो. दोन घासे जास्त झाले की रीड वाया जातो. हे काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराकडे पहिल्या दिवशी बसलो तेव्हा ते माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "तुम्ही हे आधी केलंय." मी पेटी कधी उघडलीही नव्हती. पण त्यांना जे दिसलं ते खरं होतं. तेवीस वर्षं मी तेच करत आलो होतो, फक्त पोलादावर.

आता ओळखीचे लोक विचारतात, "एवढी हिंमत आली कुठून?" याचं खरं उत्तर मी देतो आणि त्यांना ते आवडत नाही. माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिचा पगार महिन्याला येतो. घराचं कर्ज माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी फिटलं. आम्हाला एकच मुलगी, आणि तिचं शिक्षण त्याच सुमाराला संपलं. या तीन गोष्टींपैकी एक जरी नसती, तरी मी आजही त्याच काचेच्या खोलीत गेज लावत बसलो असतो. माझ्या हिमतीचं नाव माझ्या बायकोचा पगार असं आहे.

मराठी माणसाला या विषयावर दोन उदाहरणं हमखास आठवतात. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शस्त्रक्रियातज्ज्ञ होते. १९६९ साली, बेचाळिशीच्या आसपास, त्यांनी डॉक्टरी सोडली आणि पूर्ण वेळ रंगभूमीवर आले. दुसरं उदाहरण महर्षी कर्व्यांचं. १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे धोंडो केशव कर्वे १९१४ साली निवृत्त झाले, आणि १९१६ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केलं. ज्या वयात आज राज्य सरकारचा कर्मचारी नारळ आणि शाल घेऊन घरी जातो, त्या वयात. पुढे ते एकशे चार वर्षं जगले, म्हणजे विद्यापीठ काढल्यानंतर त्यांच्यापुढे आणखी शेहेचाळीस वर्षं होती.

ही उदाहरणं सांगताना आपण ती झेप म्हणून सांगतो. नीट पाहिलं तर त्यात झेप नाही. कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला तो १८९६ साली, कॉलेजातली नोकरी चालू असताना. १९०० मध्ये तो हिंगण्याला गेला. तेव्हा ते गावाबाहेरचं आडरान होतं. दिवसभर कॉलेजात शिकवून संध्याकाळी ते पायी आश्रमात जात, पावसाळ्यात चिखल तुडवत. विद्यापीठ निघालं तेव्हा त्या कामाला वीस वर्षं झाली होती. डॉ. लागूंनी भालबा केळकरांबरोबर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन उभी केली ती १९५१ मध्ये. पूर्ण वेळ नट होण्याआधी अठरा वर्षं ते डॉक्टरी सांभाळून नाटक करत होते. नवी दिशा राजीनाम्याच्या दिवशी सापडत नाही. ती आधीच्या कामाच्या कडेकडेने बरीच वर्षं वाढत असते, आणि तिला वाढायला संध्याकाळ लागते.

आज ती संध्याकाळ कोणाकडे आहे? पुण्यात चाकणच्या कारखान्यातून सुटलेला माणूस वाहतुकीतून घरी पोचेपर्यंत साडेआठ वाजतात. मुंबईत कर्जत-कसाऱ्याहून येणाऱ्याचे दिवसातले चार तास लोकलमध्ये जातात. तिन्ही पाळ्यांत फिरणाऱ्या कामगाराची संध्याकाळ दर आठवड्याला जागा बदलते. अशा माणसाला 'आवड जोपासा, उद्या तीच तुमचा व्यवसाय होईल' असं सांगणं सोपं आहे. ऐकणाऱ्याला ते फार लागतं, कारण त्याला आवड असतेच. वेळ नसतो.

शिकायची इच्छा असली तरी दार कुठे उघडं आहे, हेही बघावं. आयटीआयच्या प्रवेशाला कमाल वयाची अट नाही. चौदा पूर्ण झालं की कुणीही जाऊ शकतो. कागदावर हे फार चांगलं आहे. पण तिथले वर्ग दिवसा भरतात, वर्ष-दोन वर्षं चालतात आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी बेतलेले असतात. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला सहा महिने, संध्याकाळी दोन तास आणि सुट्टीच्या दिवशी प्रात्यक्षिक असं हवं असतं. त्याला फिटिंगची तोंडओळख नको असते, सोलर पॅनेल बसवायचं किंवा शीतगृहाचा कॉम्प्रेसर सांभाळायचं नेमकं कौशल्य हवं असतं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हेच काम पदव्यांच्या बाबतीत करत आलं आहे. नोकरी करणाऱ्या, शिक्षण अर्धवट सुटलेल्या लाखो लोकांना त्याने दुसरी संधी दिली. तोच विचार हातकामाच्या बाबतीत का होऊ नये? इमारती आहेत, यंत्रं आहेत, संध्याकाळी सहानंतर त्यांना कुलूप असतं.

करांच्या नियमांतही आपल्या समाजाची समजूत उमटलेली दिसते. स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेवर ५ लाखांपर्यंत करमाफी आहे. जुन्या करपद्धतीत दोन मुलांच्या शिक्षणशुल्कावर वजावट मिळते. स्वतःच्या शिक्षणाचं शुल्क भरलं तर ती वजावट नाही. म्हणजे बाहेर पडायला सवलत, मुलाला शिकवायला सवलत, पण पन्नाशीच्या बापाने किंवा आईने स्वतः काही शिकायचं ठरवलं तर तो त्यांचा खासगी छंद.

पैशाची बाब अजून स्पष्ट करायला हवी, कारण बहुतेक माणसं तिथेच अडतात. खासगी नोकरदाराची पेन्शन १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतून येते. तिच्यासाठी धरला जाणारा पगार २०१४ पासून १५ हजारांवर अडलेला आहे. जास्त पगारावर पेन्शनचा पर्याय ज्यांनी घेतलेला नाही, आणि बहुतेकांनी घेतलेला नाही, त्यांना पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतरही महिन्याला फार तर पाच-सहा हजार मिळतात, तेही अठ्ठावन्नाव्या वर्षापासून. पन्नाशीनंतर लवकर घ्यायची सोय आहे, पण जितकी वर्षं आधी, तितके दर वर्षी ४ टक्के कमी. ज्यांचा पगार २१ हजारांच्या आत आहे त्यांच्यासाठी कर्मचारी राज्य विमा महामंडळाची बेकारी भत्त्याची योजना आहे. त्यात ९० दिवसांपर्यंत काही रक्कम मिळते, पण स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला नाही.

आणि आजारपण. कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. त्यात बहुधा आई-वडीलही असतात. पन्नाशीत नवी पॉलिसी घ्यायला गेलं की हप्ता मोठा, आणि आधीपासून असलेल्या मधुमेहाला किंवा रक्तदाबाला तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात. कंपनीच्या गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची वाट नियमात आहे. मी सोडलं तेव्हा मला ती कुणी सांगितली नाही. निरोप समारंभात घड्याळ दिलं, भाषणं झाली, पण हे एक वाक्य कुणी बोललं असतं तर त्याचा जास्त उपयोग झाला असता. नंतर सहा महिन्यांनी वडिलांची अँजिओप्लास्टी झाली. ते बिल आम्ही पेटीच्या कामासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून भरलं, आणि माझं शिकणं एक वर्ष लांबलं. ज्यांच्याकडे बाजूला ठेवलेले पैसे नाहीत, त्यांचं शिकणं तिथेच संपतं.

या सगळ्यावर एक आक्षेप येतो आणि तो मी गंभीरपणे घेतो. जिथे विशी-पंचविशीतल्या पोरांना नोकऱ्या नाहीत, पोलिस भरतीच्या काही हजार जागांसाठी लाखो मुलं पहाटे धावतात, तिथे नोकरी असलेल्या पन्नाशीच्या माणसांच्या नव्या दिशेवर सरकारने का खर्च करावा? हा प्रश्न मला मुलीच्या मैत्रिणीने विचारला होता. तेव्हा मी गप्प बसलो, कारण नोकरीसाठीची तिची तिसरी परीक्षा चालली होती.

नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं, की हे दोन प्रश्न एकमेकांविरुद्ध उभे नाहीत. मन नसताना, केवळ मेडिक्लेम आणि पीएफसाठी खुर्ची धरून बसलेला माणूस ती खुर्ची अडवूनही ठेवतो आणि त्याचं ज्ञानही त्या खुर्चीतच वाया जातं. त्याच वेळी आयटीआयमध्ये जुन्या यंत्रांवर, पुस्तकातून शिकून मुलं बाहेर पडतात आणि कारखान्यात आल्यावर त्यांना पहिल्यापासून शिकवावं लागतं. मी हे तेवीस वर्षं पाहिलं आहे. पंचवीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला निदेशक व्हायचं असेल तर त्याच्यासाठी छोटा, संध्याकाळचा अध्यापनाचा अभ्यासक्रम काढा, ठरावीक मानधन द्या. एक माणूस वळला की त्याच्या जागी एक पोरगा लागतो आणि त्याच्या हाताखाली वीस शिकतात.

दुसरी गोष्ट अशी, की न वळवता माणसांना बाहेर काढण्याची किंमत महाराष्ट्राने आधीच मोजली आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यातले कितीतरी तेव्हा चाळिशीत होते. साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, वीस वर्षं काढलेला, धाग्याच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा कसबी माणूस रातोरात बिनकामाचा ठरला. कुणी कोकणात, कुणी घाटावर परत गेला, कुणी लालबाग-परळच्या कोपऱ्यावर गाडी लावली, कुणी इमारतीच्या दारावर वॉचमन म्हणून बसला, आणि कधीकधी ती इमारत त्याच्याच गिरणीच्या जमिनीवर उभी होती. १९८६ मध्ये केंद्राने कापड कामगारांसाठी पुनर्वसन निधी काढला. गिरणी बंद पडलेल्या पात्र कामगाराला पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के अशी मदत त्यात होती. ती गरजेची होती. पण त्या तीन वर्षांत तो काय शिकेल, कुठे शिकेल, याची व्यवस्था तिच्याबरोबर उभी राहिली नाही. रक्कम उतरत शून्यावर आली आणि माणूस तिथेच राहिला.

उदारीकरणानंतर १९९२ मध्ये नॅशनल रिन्यूअल फंड निघाला. त्याचा उद्देश योग्य होता. सरकारी उद्योगांतून बाहेर पडणाऱ्या कामगारांना नवं कौशल्य द्यायचं आणि दुसऱ्या कामाला लावायचं. प्रत्यक्षात त्यातला बहुतांश पैसा स्वेच्छानिवृत्तीच्या रकमा देण्यात गेला, पुनर्प्रशिक्षणाच्या वाट्याला अगदी थोडा आला, आणि २००० साली तो निधी गुंडाळला. त्याच सुमाराला, २०००-०१ मध्ये, सार्वजनिक बँकांतून सुमारे १ लाख कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. मग २०२०. प्रत्येक वेळी आपण माणसाला रक्कम देतो आणि दार दाखवतो. तीस वर्षांत पद्धत बदललेली नाही.

बायकांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती थोडक्यात सांगण्यासारखी नाही तरी सांगतो. पंचेचाळिशीत सासूच्या अंथरुणापाशी बसण्यासाठी नोकरी सोडणारी बाई आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहे. तिच्या सोडण्याला कुणी नवी दिशा म्हणत नाही, हिंमतही म्हणत नाही. सासू गेल्यावर ती पन्नाशीत असते, हाताशी वीस वर्षांचा अनुभव असतो, आणि जाहिरातीत वयाची अट असते. राज्यसेवेसाठी खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही मर्यादा आहे, बँकांत तर तिशीच्या आतच सगळं संपतं. खासगी कंपन्या वय लिहीत नाहीत, पण बायोडेटात मधली आठ वर्षं रिकामी दिसली की बोलावत नाहीत. ती आठ वर्षं तिने काम केलं, याचा दाखला कोण देणार?

दुसरीकडे काय चाललं आहे तेही बघायला हरकत नाही. सिंगापूरने २०१६ पासून आपल्या पंचविशीवरच्या प्रत्येक नागरिकाला शिकण्यासाठी ५०० सिंगापुरी डॉलरचं खातं उघडून दिलं. २०२४ मध्ये चाळिशी ओलांडलेल्यांना त्यात आणखी ४ हजार डॉलर दिले. २०२५ पासून, चाळिशीनंतर जो पूर्ण वेळ शिकायला जाईल त्याला आधीच्या उत्पन्नाच्या निम्मा, महिन्याला ३ हजार डॉलरपर्यंत भत्ता मिळतो, आयुष्यात एकूण २४ महिने. सिंगापूर छोटं आणि श्रीमंत आहे, त्याची नक्कल आपल्याला झेपणार नाही. पण चाळिशीनंतर माणूस पुन्हा शिकतो, हे त्या देशाने नियमात लिहिलं आहे. आपण ते अजून बोलण्यातही मान्य केलेलं नाही.

आपल्याला झेपेल असं मला वाटतं ते एवढंच. आयटीआयचे संध्याकाळचे, छोटे, चाळिशीवरच्यांसाठी वेगळे वर्ग. पंधरा-वीस वर्षं सलग नोकरी केलेल्याला एकदा वर्षभराची बिनपगारी रजा मागण्याचा कायदेशीर हक्क, ज्यात मेडिक्लेम चालू राहील आणि हप्ता तो स्वतः भरेल. नोकरी सोडणाऱ्याला विमा आणि पेन्शनची माहिती लेखी देण्याची मालकावर सक्ती. स्वेच्छानिवृत्तीच्या प्रत्येक योजनेत ठरावीक वाटा शिकण्यासाठी राखलेला. यातलं रजेचं कलम सगळ्यात अवघड आहे, छोटे कारखानदार त्याला विरोध करतील, आणि त्यांच्या अडचणी मी जवळून पाहिल्या आहेत. तरी माझा आग्रह त्याच कलमासाठी आहे. परत यायची वाट उघडी असेल तरच माणूस मोकळ्या मनाने पाऊल टाकतो. वर्षभराने दहांपैकी सहाजण परत आले तरी काही बिघडत नाही. ते वेगळे होऊन परत येतील.

आमच्या भाषेत निवृत्ती हा फार मोठा शब्द आहे. ज्ञानदेवांच्या घरात निवृत्ती थोरला होता, गुरू होता, आणि ज्ञान त्याच्यानंतर आलं. तो क्रम वारकरी लहानपणापासून ऐकत आला आहे. निवृत्तीनंतर सगळं संपतं, ही समजूत आपल्याला सेवापुस्तिकेने शिकवली.

माझ्या दुकानात दर गुरुवारी एकजण येतो. भोसरीत गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. तो माझ्याच लाइनवर होता, आता एक्कावन्न वर्षांचा आहे, अजून तिथेच आहे. आषाढीच्या आधी भजनी मंडळांच्या पेट्यांची रांग लागते तेव्हा तो सकाळी नऊला येऊन रात्री जेवणाला घरी जातो. त्याचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे. गुजरातमधल्या पालिताण्याचे नावाजलेले रीड आणि साधे रीड तो न बघता ओळखतो. त्याचा धाकटा मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आईचं आठवड्याला दोनदा डायलिसिस कंपनीच्या मेडिक्लेमवर चालतं, बायको घरीच असते. गेल्या महिन्यात कानस खाली ठेवून त्याने विचारलं, "दादा, सोडू का मी?"

त्याच्यात हिमतीची कमतरता नाही, हे मला माहीत होतं. मी त्याला म्हटलं, "आई आहे तोवर नको." त्याने मान हलवली आणि पुढचा रीड उचलला.